डेटा एंट्रीचं काम घेतलं, आता वकिलाची नोटीस आली

प्रश्न : मी मिरजेजवळ राहते, बी.कॉम. झाले आहे. मिस्टर कारखान्यात आहेत, दोन मुलं शाळेत. फीची ओढाताण होते म्हणून ‘घरबसल्या डेटा एंट्री, महिना १८ हजार, रजिस्ट्रेशन फी नाही’ अशी जाहिरात पाहून काम घेतलं. आधार, पॅन, फोटो पाठवले. स्टॅम्पपेपरवरचा करार पीडीएफमध्ये आला, त्यावर मोबाइलवरच सही केली. पाच दिवसांत ६०० फॉर्म भरायचे होते, रात्री जागून पूर्ण केले. मग कळवलं की अचूकता ९० टक्के हवी होती, तुमची ८३ आली. पगार नाहीच, उलट पोर्टलचा खर्च ५,९०० रुपये भरा. घाबरून भरले. आता व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस आली आहे : करारभंगाचे ४६ हजार २४ तासांत भरा, नाहीतर केस आणि अटक वॉरंट. रोज फोन येतात. घरी सांगितलेलं नाही. मला अटक होईल का? आणि घरून करण्यासारखं खरं काम असतं तरी का?

उत्तर : ताई, यापुढे एक रुपयाही भरू नका. करारात ठरलेलं काम नीट झालं नाही म्हणून या देशात कुणाला अटक होत नाही. तुम्ही लिहिलेली हकीकत जशीच्या तशी धरली तर या प्रकरणात आरोपी तुम्ही नाही, फिर्यादी आहात. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं होईल.

हा प्रकार नवा नाही. सुरुवातीला फी मागायची नाही, म्हणजे माणूस बिनधास्त कागदपत्रं देतो. मग धूसर चित्रांतला मजकूर टाइप करायला द्यायचा, ज्यात शून्य की ‘ओ’, एक की ‘एल’ हे डोळ्यांना कळूच नये. मुदत अशी की झोप सोडल्याशिवाय काम होऊ नये. शेवटी ‘क्वालिटी रिपोर्ट’ म्हणून टक्केवारीचा एक आकडा पाठवायचा. तुम्हाला आलेला रिपोर्ट उघडून पाहा. कोणत्या फॉर्ममधल्या कोणत्या रकान्यात काय चुकलं, हे त्यात दिलंय का? बहुधा नसेलच, कारण तपासणी झालेलीच नसते. तुम्ही नापास होणं हाच त्यांचा धंदा. मन लावून काम करणारी बाईच यात जास्त अडकते, कारण तिला खरंच वाटतं की आपलंच कुठेतरी चुकलं असेल.

आता करार. सही केली म्हणजे बांधले गेलो, या समजुतीवरच हे लोक जगतात. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार संमती मुक्त असावी लागते. पाळायचा हेतूच नसताना दिलेलं वचन, याला कलम १७ ‘फसवणूक’ म्हणतं. पगार द्यायचाच नव्हता आणि तरी महिना १८ हजार कबूल केले, हे त्यात नेमकं बसतं. अशा फसवणुकीने संमती घेतली असेल तर तो करार रद्द ठरवण्याचा हक्क कलम १९ तुम्हाला देतं, त्यांना नाही. क्षणभर धरून चालू की करार वैध आहे. तरीही करारात लिहिलेली दंडाची रक्कम जशीच्या तशी वसूल होत नाही. कलम ७४ प्रमाणे ती फार तर वरची मर्यादा. त्या मर्यादेत न्यायालयाला वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते. तुमच्या १७ टक्के चुकांनी त्यांचं ४६ हजारांचं नुकसान कसं झालं, हे त्यांना न्यायाधीशांपुढे उभं राहून सांगावं लागेल. त्यासाठी आपलं खरं नाव आणि पत्ता द्यावा लागेल. तेच त्यांना नको असतं.

पीडीएफवर स्टॅम्पपेपरचं चित्र चिकटवलं म्हणून मुद्रांक शुल्क भरलं असं होत नाही. पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त, शुल्क आणि दंड भरल्याशिवाय न्यायालय पुराव्यात घेत नाही. करारावरचा स्टॅम्पपेपर कोणत्या राज्याचा, कोणत्या तारखेचा आणि कुणाच्या नावाने घेतलेला आहे, तेही बघा. असं चित्र बऱ्याचदा भलत्याच व्यवहारातून उचललेलं असतं.

अटकेची भीती तुम्हाला सर्वात जास्त छळते आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. करारभंग हा दिवाणी मामला. त्यात पोलिसांचा संबंध नाही. उद्या कुणी खरोखर दावा लावला, तुम्ही हरलात आणि पैसे भरता आले नाहीत, तरीसुद्धा पैशाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी स्त्रीला अटक करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चं कलम ५६ अगदी याचसाठी आहे. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असली तरी पोलीस स्त्रीला ठाण्यात बोलावू शकत नाहीत, तिच्या राहत्या घरी यावं लागतं; हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. आणि पोलिसांनी हजर राहण्याची कलम ३५ खालची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं ‘वॉरंट’ हा नुसता घाबरवण्याचा कागद समजा. व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून कुणी ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. असली अटक कोणत्याही कायद्यात नाही.

नोटीस म्हणजे काय, तेही समजून घ्या. वकिलाची नोटीस हे पक्षकाराच्या वतीने लिहिलेलं पत्र, न्यायालयाचा आदेश नव्हे. तिच्यावर वकिलाचा सनद क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता आहे का पाहा. महाराष्ट्रातली सनद असेल तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे त्या क्रमांकाची खातरजमा करता येते. एक लक्षात ठेवा, कधी कधी वकील खरे असतात आणि त्यांचं नाव त्यांच्या नकळत वापरलेलं असतं. म्हणून नोटिशीवरच्या नंबरवर फोन लावून चौकशी करू नका. तो नंबर त्याच टोळीचा असू शकतो.

पण दोन कागद मात्र कधीच दुर्लक्षित करू नका : स्पीड पोस्टाने आलेली नोटीस आणि न्यायालयाचं समन्स. पाकीट परत पाठवू नका, घ्या, तारीख लिहून ठेवा. खऱ्या समन्सवर न्यायालयाचं नाव, शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते. ई-कोर्ट्स सेवेच्या अ‍ॅपवर तुमचं नाव टाकून किंवा प्रत्येक दाव्याला मिळणाऱ्या सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकाने दावा खरंच दाखल आहे का ते घरबसल्या दिसतं. समन्स खरं निघालं आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर एकतर्फी निकाल लागू शकतो. अशा वेळी खिशात पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असं व्हायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या, किंवा १५१०० वर फोन करा.

आता आज करायची कामं. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळे स्क्रीनशॉट घ्या, त्यात समोरचा नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. जाहिरात, करार, रिपोर्ट, नोटीस आणि पैसे पाठवल्याचा यूपीआय व्यवहार क्रमांक एका ठिकाणी ठेवा. मूळ फाइल्स असलेला फोन विकू किंवा रीसेट करू नका, पुरावा त्यातच आहे. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर कागद चढवा. पैसे जाऊन दिवस उलटले असतील तर परत मिळतीलच असं खोटं आश्वासन मी देणार नाही. ही यंत्रणा पैसे त्याच दिवशी गोठवण्यात सर्वात उपयोगी पडते. तरी तक्रार हवीच, कारण उद्या त्यांनी काही केलं तर तुम्ही आधीच कायद्याकडे गेला होतात, याची नोंद राहते.

पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक), ३०८ (खंडणी) आणि ३५१ (धमकी), तसंच खोटं रूप घेतलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड, यांचा उल्लेख करा. खोट्या केसची भीती घालून पैसे उकळणं हीच खंडणी, आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. नाहीच घेतली तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा.

त्या मंडळींना एकच संदेश पाठवा आणि मग उत्तर देणं थांबवा. मजकूर असा ठेवा : “आपण फसवणुकीने माझी संमती घेतली असल्याने सदर करार मी रद्द करत आहे. आपली मागणी मला मान्य नाही. आपल्याविरुद्ध सायबर तक्रार दाखल केली आहे, क्रमांक अमुक. यापुढे काही म्हणायचं असल्यास न्यायालयामार्फत कळवावं.” तक्रार क्रमांक मिळाल्यावरच हा पाठवा.

५,९०० रुपयांपेक्षा मला काळजी तुमच्या आधार-पॅनची वाटते. आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते तपासा, अनोळखी दिसलं तर तिथेच कळवा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून कुणी तुमच्या नावावर कर्ज घेतलेलं नाही ना याची खात्री करा, आणि काही महिन्यांनी पुन्हा बघा.

आणि मिस्टरांना आजच सांगा. तुम्ही घरासाठी रात्री जागून कष्ट केलेत, लपवण्यासारखं काही केलेलं नाही. ही माणसं पुढची धमकी ‘नवऱ्याला फोन करू, शेजाऱ्यांना कळवू’ अशीच देतात. घरी माहीत असलं की ती धमकी उरतच नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खरं काम असतं, पण ते ‘घरबसल्या महिना अठरा हजार’ अशा जाहिरातीतून येत नाही. त्याला ओळखीचा गिऱ्हाईक असतो आणि दर कामावर ठरतो. तुम्ही बी.कॉम., टायपिंगचा वेग आहे, तर गावातल्या सीए आणि कर सल्लागारांकडे चौकशी करा. टॅलीमध्ये व्हाउचर भरणं, जीएसटीची बिलं लावणं ही कामं विवरणपत्रांच्या मोसमात ते बाहेर देतात. आमच्याच वकिलीच्या व्यवसायातलं एक काम सांगतो. उच्च न्यायालयात मराठी कागदपत्रांचं इंग्रजी भाषांतर आणि टंकलेखन लागतं. सातबारा, फेरफार, पंचनामे. शुद्ध मराठी टाइप करणारं माणूस वकिलांना सहज सापडत नाही. पानामागे दर ठरतो, चूक झाली तर पान दुरुस्त करून देता, कुणी ‘अचूकता’ म्हणून दंड मागत नाही. शिकवण्या, शिवणकाम, डबे हेही आहेच; खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा नोंदणी काढून घ्या. बचत गटात असाल तर ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा ‘उमेद’ (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या कार्यालयात जाऊन चालू योजना विचारा.

टेलिग्रामवर ‘रेटिंग द्या, व्हिडिओ लाइक करा’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. आधी दीडशे रुपये देऊन मग हजारो भरायला लावतात. अशी ‘टास्क’ चालवणाऱ्या शंभराहून जास्त वेबसाइट केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केल्या, तरी धंदा थांबलेला नाही. त्याहून धोक्याचं म्हणजे ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन कापून पुढे पाठवा’ हे काम. यात मात्र तुम्ही खरोखर आरोपी होऊ शकता, कारण ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात आणि तपास तुमच्या खात्यापाशी येऊन थांबतो.

काम घ्याल तेव्हा दर, मुदत आणि पैसे कधी मिळणार हे मेलवर लिहून घ्या, पहिल्या खेपेला थोडंच काम करून त्याचे पैसे आल्यावर पुढचं घ्या. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर ‘उद्यम’ नोंदणीही करून टाका, ती मोफत आहे. सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे गिऱ्हाइकाने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. थकबाकी राहिली तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो.