देवाशी प्रामाणिक की देवासमोर प्रामाणिक?

एका ताईंचा प्रश्न आला आहे. प्रार्थनासभेसाठी त्या एक पानाचं मनन लिहीत होत्या आणि मथळा दिला होता, 'देवाशी प्रामाणिक राहू या'. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी 'देवाशी' खोडून 'देवासमोर' केलं. ताईंचं म्हणणं असं, की 'नवऱ्याशी प्रामाणिक', 'कामाशी प्रामाणिक' हे आपण रोज म्हणतो, मग 'देवाशी'मध्ये काय चुकलं? सोबत दोन शंका जोडल्या आहेत. मराठी बायबलात ईयोबाला, म्हणजे घोर संकटं सोसलेल्या त्या भल्या माणसाला, 'सात्त्विक' का म्हटलंय, सरळ 'प्रामाणिक' का नाही? आणि प्रवचनात नेहमी सांगतात ती मेणाची गोष्ट खरी आहे का?

व्याकरणाने 'देवाशी प्रामाणिक' बिनचूक आहे, हे आधी सांगून टाकतो. खोडणाऱ्यांनी चूक दुरुस्त केलेली नाही, अर्थ बदलला आहे. आणि मला विचाराल तर बदललेला अर्थ ताईंच्या मननाला जास्त जवळचा आहे.

'शी' हा तृतीयेचा प्रत्यय. दोन पक्षांमध्ये काही चालू असलं की तो येतो. आपण कुणाशी बोलतो, कुणाशी भांडतो, कुणाशी लग्न करतो, कुणाशी सौदा करतो. गंमत म्हणजे खोटंसुद्धा कुणा'शी'च बोलतो. खरं मात्र कुणा'ला' सांगतो. 'नवऱ्याशी प्रामाणिक' म्हणताना आपल्याला अभिप्रेत असते ती निष्ठा, दिलेला शब्द पाळणं. मनातलं सगळं त्याला सांगितलंच पाहिजे असं त्यात नाही. 'कामाशी प्रामाणिक'मध्ये तर समोरच्या पक्षाला डोळेही नाहीत. म्हणजे 'शी' लावल्यावर 'प्रामाणिक' हा शब्द 'इमानी'च्या अंगाने जातो.

या 'इमान'चंही एक पाहण्यासारखं आहे. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा. मराठीत येईपर्यंत त्याची निष्ठा झाली, इतकी की आपण कुत्र्यालाही इमानी म्हणतो. त्याच सेमिटिक धातूतून, अ-म-न यातून, हिब्रूतला 'आमेन' आला आहे. पक्कं, भरवसा ठेवण्याजोगं, असा त्याचा गाभा. सत्याला हिब्रूत 'एमेत' म्हणतात, तोही याच कुळातला. योहानाच्या शुभवर्तमानात येशू 25 वेळा 'आमेन, आमेन' असा दुहेरी शब्द उच्चारून बोलायला लागतो आणि मराठी बायबलात आपण त्या जागी 'खचीत खचीत' वाचतो. म्हणजे प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणणारा माणूस आणि 'इमान राखीन' म्हणणारा माणूस एकाच मुळाचा शब्द वापरत असतात, बहुतेक वेळा दोघांनाही पत्ता नसताना.

आता 'समोर'. समोर आपण उभे राहतो, समोर येतो, समोर मांडतो. इथे दोघांचा व्यवहार मागे पडतो आणि एक जण दुसऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात येतो. उत्पत्ती या बायबलाच्या पहिल्या पुस्तकात, 17व्या अध्यायात, देव अब्राहामाला आपल्यासमोर चालायला सांगतो. तिथे जो हिब्रू शब्द आहे तो 'पानीम', म्हणजे चेहरा, यापासून झालेला आहे. माझ्या तोंडासमोर चाल, असं ते अक्षरशः होतं. 'प्रामाणिक' हा शब्दही मुळात 'प्रमाण'वरून आलेला: ज्याला प्रमाण आहे, जो तपासाला उतरतो, तो प्रामाणिक. तपासणारा समोर असला की हा शब्द आपल्या मूळ घरी जातो. 139व्या स्तोत्राची सुरुवात मराठीत 'तू मला पारखले आहेस' अशी होते, हेही लक्षात घ्या. पारखायचं असतं नाणं, सोनं, हिरा. खरा आणि खोटा हे शब्द आपण नाण्यालाही लावतो आणि माणसालाही.

पण या घरात तिसरं एक भावंड आहे आणि त्याच्याकडे दोन्ही बाजूंचं लक्ष गेलेलं नाही. ते म्हणजे 'जवळ'. मराठीत मन मोकळं करायचं ते कुणाजवळ, कबुली द्यायची ती कुणाजवळ, मागणं मागायचं तेही देवाजवळ. 'समोर'मध्ये थोडी भीती आहे, आरोपी न्यायाधीशासमोर उभा असतो. 'जवळ'मध्ये ती नाही.

मी सात-आठ वर्षांचा असेन. भावाच्या छत्रीची काडी माझ्या हातून मोडली. ती तशीच मिटून मी दाराच्या मागे टेकवून ठेवली. रात्री झोपण्याआधीच्या प्रार्थनेत मी घडाघडा म्हणालो, 'प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर.' आईने डोळे न उघडताच म्हटलं, 'सगळी नकोत रे, एक सांग.' मी गप्प. मग म्हणालो, 'माझ्याकडून छत्री मोडली गेली.' आई म्हणाली, 'हे मला सांगतोयस. त्याच्याजवळ नीट सांग.' तेव्हा कुठे 'मी मोडली' हे दोन शब्द निघाले.

आईने कधी व्याकरणाचं पुस्तक उघडलं नव्हतं, पण तिने त्या रात्री दोन गोष्टी बरोबर पकडल्या. एक, 'सगळी पापं' हे अनेकवचन लपायला फार सोयीचं आहे. दुसरी, 'मोडली गेली' हा कर्मणी प्रयोग त्याहून सोयीचा. मराठी या बाबतीत आपल्याला भलतीच मदत करते. 'चूक झाली', 'राहून गेलं', 'तोंडातून निघून गेलं', 'हिशेबात फरक पडला'. प्रत्येक वाक्यात क्रियापद आहे आणि कर्ता मात्र गायब. 'माझ्याकडून' असं म्हटलं की कर्ता येतो खरा, पण हद्दीवर उभा राहतो, आत शिरत नाही.

ही युक्ती आपलीच नाही, फार जुनी आहे. निर्गम या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात मोशेचा भाऊ अहरोन याने लोकांकडून सोनं गोळा केलं आणि हत्याराने घडवून पूजेसाठी सोन्याचं वासरू केलं, असं चौथ्या वचनात स्पष्ट सांगितलं आहे. पुढे मोशे जाब विचारतो तेव्हा 24व्या वचनात अहरोन काय म्हणतो? मी ते सोनं अग्नीत टाकलं आणि त्यातून हे वासरू बाहेर आलं! टाकलं मी, आलं ते. सकर्मक क्रियापद टाकून अकर्मक उचललं की झालं काम. अख्ख्या बायबलात व्याकरणाची याहून धीट चलाखी मला तरी सापडलेली नाही. 51व्या स्तोत्रात दावीद म्हणतो ते वाक्य याच्या शेजारी ठेवून पाहा: 'मी पाप केले आहे.' कर्ता आहे, क्रियापद सकर्मक आहे, 'झालं'ला जागाच नाही. त्याच स्तोत्रात पुढे येतं, की देवाला अंतर्यामीचं सत्य आवडतं. तिथला हिब्रू शब्द वर सांगितलेला 'एमेत'.

ताईंना मननात वापरण्याजोगं एक उदाहरण 'शी'चंच आहे, म्हणून सांगतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी) मंदिरात प्रार्थनेला जातात. परूश्याने उभं राहून 'आपल्या मनाशी' प्रार्थना केली, असं आपलं मराठी भाषांतर म्हणतं. मूळ ग्रीक शब्दांचा 'एकटा उभा राहून' असाही अर्थ काही जण लावतात, पण मराठीतला 'मनाशी' मला फार नेमका वाटतो. तो म्हणतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. यात खोटं काय आहे? काहीच नाही. आकडे बरोबर असतील, पावत्याही असतील. तो खरं बोलतोय, फक्त ज्याच्यापुढे उभा आहे त्याच्याकडे न बघता. जकातदार दूर उभा आहे, वर बघायलाही धजत नाही आणि त्याची प्रार्थना एका श्वासात संपते: 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' दूर उभा असलेला 'जवळ' आणि पुढे उभा असलेला 'मनाशी'!

आता 'सात्त्विक'. ईयोबाच्या पहिल्याच वचनात हिब्रूत दोन विशेषणं जोडीने येतात: 'ताम' आणि 'याशार'. याशार म्हणजे सरळ, त्यात अडचण नाही. ताम म्हणजे पूर्ण, अखंड, ज्यात फट नाही. याच धातूचं 'तामीम' हे रूप अर्पणाच्या जनावराला लागतं. वल्हांडण या यहुदी सणाचं कोकरू असं तामीम हवं, आणि तिथे मराठीत 'दोषहीन' असं येतं. अब्राहामाला सांगितलेलं 'माझ्यासमोर चाल' आठवतं ना? त्याच वाक्यात त्याला तामीम व्हायलाही सांगितलं आहे. कोकराला 'सात्त्विक' म्हणता येत नाही आणि माणसाला 'दोषहीन' म्हणायला भीती वाटते, तेव्हा भाषांतरकारांनी एका शब्दाचे दोन केले. (हिब्रूतला 'ताम' ऐकून आपल्याला तमोगुणातला 'तम' आठवावा आणि भाषांतर मात्र नेमकं 'सात्त्विक' निघावं, हा निव्वळ योगायोग, पण मला तो दर वेळी हसवतो.)

हा शब्द मला पूर्ण पटतो असं नाही. 'सात्त्विक' म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर शांत चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस येतो. ईयोब तसा मुळीच नाही. तो तक्रार करतो, वाद घालतो, जन्मदिवसाला शाप देतो. सात्त्विक संताप म्हणावा तर त्याच्याही पुढे जातो. आणि तरी शेवटी देव त्याच्या मित्रांना सुनावतो, की माझा सेवक ईयोब जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. मित्र तर देवाचीच बाजू मांडत होते! ईयोब अखंड आहे तो या अर्थाने: आतलं दुःख एक आणि तोंडावरची प्रार्थना दुसरी, असं त्याचं नाही. 'प्रामाणिक' इथे अपुरा पडला असता, कारण आजच्या मराठीत तो पैशाच्या व्यवहाराला फार चिकटला आहे. सापडलेलं पाकीट परत करणारा तो प्रामाणिक. मला स्वतःला 'निखळ' आवडला असता, पण माझ्या आवडीला दीडशे-दोनशे वर्षं उशीर झाला आहे.

हाच 'ताम' आणखी एकाला लागला आहे आणि तो ऐकून ताईंना धक्का बसेल. अब्राहामाचा नातू याकोब याला. उत्पत्ती 25:27 मध्ये तो 'ताम' माणूस आहे, मराठीत 'साधा'. दोनच अध्याय पुढे हा साधा माणूस हातांना करडांची कातडी बांधून आंधळ्या बापासमोर उभा राहतो. 'तू कोण?' या प्रश्नाला थोरल्या भावाचं नाव सांगतो, 'मी एसाव.' बापाने पुढे त्यासाठी वापरलेला शब्द कपट. मग वर्षानुवर्षांनी, 32व्या अध्यायात, रात्रभर झोंबी घेणारा त्याला विचारतो, 'तुझं नाव काय?' आणि या वेळी उत्तर येतं, 'याकोब.' तिथेच त्याचं नाव इस्राएल होतं. योहानाच्या पहिल्या अध्यायात येशू भेटीला येणाऱ्या नथनेलाबद्दल म्हणतो, की हा खरा इस्राएली, याच्या ठायी कपट नाही. ग्रीक नव्या करारात तिथे 'दोलोस' आहे, आणि याकोबाच्या कपटाला जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही 'दोलोस'च. ऐकणाऱ्यांना हा धागा लागला असणार.

मेणाच्या गोष्टीत फार वेळ घालवत नाही. फुटक्या मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवायचे, म्हणून 'मेणाविना' या लॅटिन शब्दांवरून इंग्रजीतला 'सिन्सिअर' आला, अशी ती गोष्ट. ऐकायला छान, पण भाषेचे अभ्यासक ती मानत नाहीत. लॅटिन 'सिन्केरुस'चा अर्थ स्वच्छ, निर्भेळ असा आहे आणि त्यात मेण कुठेही नाही. मननात गोष्ट हवीच असेल तर प्रेषित पौलाची घ्या. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, 2:17 मध्ये, तो देवाचं वचन विकत फिरणाऱ्यांबद्दल बोलतो. तिथलं ग्रीक क्रियापद किरकोळ विक्रेत्याच्या धंद्याचं आहे आणि त्याला भेसळीचा वास आहे. आम्ही तसे नाही, म्हणतो तो, आम्ही निर्भेळपणे बोलतो, देवासमोर बोलतो. हाच निर्भेळपणा पहिल्या पत्रात, 5:8 मध्ये, बेखमीर (खमीर न घातलेल्या) भाकरीच्या संदर्भात येतो आणि मराठीत त्याला पुन्हा 'सात्त्विकपणा' म्हटलं आहे. हिब्रूतला अखंडपणा आणि ग्रीकमधला निर्भेळपणा, दोन्ही ओझी या एकाच शब्दाच्या खांद्यावर.

तेव्हा ताई, मथळ्यात 'देवासमोर' राहू द्या, आणि आत कबुलीचा भाग येईल तिथे 'देवाजवळ' लिहा. 'देवाशी' हवं असेल तर ते नवस, वचन, सेवेची जबाबदारी यांबद्दल बोलताना येऊ द्या, तिथे ते शोभेल. 'समक्ष' शक्यतो नको, अर्जाची भाषा वाटते. 'देवा समोर' असं तोडून लिहू नका, शब्दयोगी अव्यय नामाला जोडूनच येतं. आणि तुम्ही पाठवलेल्या मजकुरात 'सात्विक' आहे, तिथे एक त वाढवा: सत् अधिक त्व म्हणजे सत्त्व, म्हणून सात्त्विक.