बुरशी शिकायची तर आधी हे वाच
हे बघ, बुरशी म्हणजे वनस्पती हे आधी डोक्यातून काढ. हरितद्रव्य नाही, पेशीभित्तिकेत कायटिन, झुरळाच्या कवचात असतं तेच, आणि नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. खाते पण उलट्या क्रमाने, एन्झाइम बाहेर सोडून अन्न आधी पचवते मग शोषते. पावसात उगवते ती अळंबीची छत्री फक्त बीजाणू, म्हणजे बियांसारखे सूक्ष्म कण, पसरवायला, खरी बुरशी खाली तंतूंच्या जाळ्यात, मायसेलियम म्हणतात त्याला, वारुळावरच्या अळंबीचं जाळं तर आत वाळवीच सांभाळते, भारी प्रकार आहे तो! यीस्ट हीही बुरशीच, मात्र एकपेशीय. आणि ब्रेडवर ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून उरलेला खाऊ नकोस, तंतू आत गेलेले असतात. रानातली छत्री फोटोवरून ओळखून तर अजिबातच खायची नाही.