हसत हसत मरणाऱ्या पात्रांवरच्या लेखाला कोणतं चित्र लावावं?

तुमचा प्रश्न असा आहे: फोंड्यातल्या तुमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात कथा, नाटक, सिनेमा आणि मांगा (जपानी चित्रकथा) यांमधल्या, ओठांवर हसू ठेवून मरणाऱ्या पात्रांवर लेख आहे. चित्र एकच लावायचं आहे, संपादक मंडळात चौघांची चार मतं आहेत, आणि जमलं तर तेच मुखपृष्ठावरही घ्यायचा विचार आहे.

आधी एक करा: कोणतं पात्र सगळ्यांना जास्त आवडतं, यावर मतं घेणं थांबवा. त्याने चित्र ठरत नाही, फक्त भांडणं होतात. गोष्ट ज्याला ठाऊकच नाही अशा माणसाला दोन गोष्टी एका नजरेत दिसल्या पाहिजेत. हा माणूस मरतो आहे, आणि तो हसतो आहे. मंडळाबाहेरच्या कुणालाही चित्र तीन सेकंद दाखवून काढून घ्या आणि विचारा, काय चाललंय? ‘झोपलाय’, ‘दमलाय’ किंवा ‘हा व्हिलन आहे ना?’ असं उत्तर आलं तर ते चित्र बाद.

या चाचणीत भले भले गळतात. ‘आशिता नो जो’ या बॉक्सिंगवरच्या मांगाची 1973 मधली शेवटची चौकट घ्या. जो रिंगच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलाय, मान खाली, ओठांवर पुसट हसू, अंगावर शाईचा जवळजवळ स्पर्शच नाही. ज्याने मालिका वाचली तो ते पाहून गप्प होतो. ज्याने वाचली नाही त्याला सामना संपवून दम खाणारा खेळाडू दिसतो. शिवाय तो खरंच मेला का, यावर वाचक अजून वाद घालतात. लेखात त्याच्यावर दोन परिच्छेद जरूर लिहा, पण चित्र म्हणून तो चालणार नाही. ‘आनंद’ची (1971) अडचण वेगळी. तिथे शेवटी काळजाला हात घालतो तो टेपवरचा आवाज, आणि आवाजाचा फोटो निघत नाही.

मरण दाखवायला रक्तच लागतं असं नाही. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे शेजारचा दुसरा चेहरा. मरणारा हसतोय आणि त्याला धरून बसलेला रडतोय, अशी चौकट मिळाली तर बाकी काही समजवावं लागत नाही. ‘वन पीस’ या चाच्यांवरच्या मांगाच्या 574 व्या प्रकरणातला एसचा मृत्यू म्हणूनच चित्रासाठी चांगला: डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू, आणि त्याचा भाऊ लूफीचा सुन्न चेहरा. चौकट कापताना लोक नेमका तो दुसरा चेहरा उडवतात आणि हसरा तेवढा मोठा करतात. तसं केलंत की उरतो फक्त पासपोर्ट फोटो.

मांगाच्या दोन चौकटी शेजारी शेजारी घेणार असाल तर जपून. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचतात. आपला वाचक डावीकडून सुरू करतो, म्हणजे माणूस आधी मरतो आणि मग हसतो. आरशासारखं उलटं केलंत तर तलवार डाव्या हातात जाते, गालावरचा व्रण बाजू बदलतो आणि जाणकार वाचक पत्र पाठवतात. त्यापेक्षा चौकटी एकाखाली एक लावा, मध्ये दोन मिलिमीटर पांढरी जागा सोडा.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. मरणारी माणसं बहुधा आडवी असतात, आणि आडव्या-उलट्या चेहऱ्यावरचे भाव आपल्याला नीट वाचता येत नाहीत. मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसनने 1980 मध्ये मार्गारेट थॅचरच्या फोटोतले डोळे आणि तोंड तेवढे उलटे फिरवले होते. पूर्ण फोटो उलटा धरला की कुणाला काही खटकत नाही, सरळ केला की अंगावर येतो. तुमच्या चित्रात डोकं पानाच्या तळाकडे असेल तर हसू असून नसल्यासारखं. चेहरा उभ्या रेषेपासून साधारण 45 अंशांच्या आत हवा, म्हणजे मांडीवर डोकं टेकलेली किंवा भिंतीला टेकून बसलेली पोझ बघा. आडवी चौकट फिरवून उभी करता येते, पण आधी अश्रू आणि केस बघा. अश्रू कानाकडे वाहताना दिसले की लबाडी उघडी पडते.

हसण्याचाही प्रकार बघून घ्या. दुशेन या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्येच दाखवलं होतं की खऱ्या आनंदाच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो. डोळे मिटलेले असले तरी गाल वर उचललेला आणि खालच्या पापणीखाली घडी, एवढं दिसलं तर ते हसू समाधानाचं वाटतं. नुसता एक कोपरा वर गेलेला असेल तर तो कुत्सितपणा. दात आवळलेले आणि भुवया ताणलेल्या असतील तर धनुर्वाताच्या रोग्याचा चेहरा असाच दिसतो, तो नकोच.

फासाचा दोर असलेलं चित्र टाळा, असं माझं स्पष्ट मत. मराठी वाचकाला ‘हसत हसत फासावर’ म्हटलं की क्रांतिकारक आठवतात, गोव्यात त्याच्या जोडीला 1955 चं पत्रादेवी, जिथे पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. ती खरी माणसं होती. काल्पनिक पात्रांच्या लेखात त्यांची सावली पडली तर वाचक नाराज होतील, आणि ते बरोबरच असेल.

आपल्याकडे नाटकांची कमी नाही, तेव्हा जात्रेतल्या नाटकाचा फोटो घ्यायची कल्पना चांगलीच आहे. फक्त मरणाच्या प्रवेशाला लाइटवाला हमखास लाल मारतो. लाल प्रकाशात रक्त आणि कातडी दोन्ही सारखीच उजळ दिसतात, रक्त गायब होतं, गालावरच्या घड्याही सपाट होतात. फोटोग्राफरला रंगीत तालमीला बोलवा आणि तेवढ्या मिनिटापुरता पिवळट लाइट मागून घ्या. शटर 1/100 (वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे पट्टे कमी येतात), अ‍ॅपर्चर 2.8, आयएसओ 1600 ते 3200, मीटरिंग चेहऱ्यावर, फाइल रॉ. फ्लॅश नको. नटालाही विचारून घ्या. आपला मेलेला चेहरा अंकात बघायला घरच्यांना आवडेलच असं नाही.

सिनेमातून फ्रेम काढायची तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या, ‘शिफ्ट’ आणि ‘एस’ने चित्र साठवा. पापणी अर्धवट मिटलेली फ्रेम घेऊ नका, माणूस दारू प्यायलेला वाटतो. 1920 पिक्सेल रुंदीची फ्रेम 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) सुमारे 16 सेंटिमीटर छापता येते, जुन्या डीव्हीडीची जेमतेम सहा. दोन कॉलमच्या पानात आठ सेंटिमीटर जागा असेल तर किमान 945 पिक्सेल हवेत. मॅपलिथो किंवा न्यूजप्रिंटवर शाई पसरते आणि गडद भाग आणखी गडद होतो. पुसट हसू असतं ओठांच्या कोपऱ्यातल्या सावलीत, आणि पहिली भरते ती नेमकी तीच. म्हणून चेहऱ्याचे मधले टोन पंधराएक टक्के उजळ करा आणि त्याच कागदावर एक प्रूफ मागा. मोबाइलच्या स्क्रीनवर पाहून होकार देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा आहे, म्हणजे लेखाच्या आत, ज्या प्रसंगाची चर्चा आहे त्याचं छोटं चित्र, कृती आणि कर्त्याच्या नावासह. मुखपृष्ठ ही समीक्षा नव्हे, ती सजावट, त्यामुळे तिथे ही ढाल चालणार नाही. चित्रपटांची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. 1950 चा चित्रपट 1 जानेवारी 2011 पासून मोकळा. चित्रांचं आणि फोटोंचं गणित चित्रकाराच्या किंवा फोटोग्राफरच्या मृत्यूपासून.

मी स्वतः काय निवडेन? मुखपृष्ठासाठी सिरानो द बर्जराक. फ्रेंच नाटककार रोस्ताँच्या त्याच नावाच्या 1897 च्या नाटकात शेवटचा शब्द तो हसून उच्चारतो, अशी रंगसूचनाच आहे. लांब नाक, जखमी डोकं, मित्रांच्या हातांत कोसळलेलं शरीर, समोर रोक्सान: वर मागितलेलं सगळं एकाच प्रसंगात. रोस्ताँ 1918 मध्ये गेला, नाटक मोकळं आहे. फक्त कुणा आजच्या चित्रकाराचं चित्र उचलू नका. पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून रेषाचित्र काढून घ्या. 1200 डीपीआयला काळं-पांढरं स्कॅन केलं की साध्या कागदावरही ओठाची रेष तुटत नाही. मोबदला ठरवा आणि हक्कांचं लेखी घ्या. कागदात मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरतात, पुढे अंकाचं संकलन काढताना अडेल.

आतल्या लेखाला एसची चौकट लहान आकारात चालेल. चित्राखालच्या ओळीत पात्राचं नाव, कृती आणि कर्ता एवढंच द्या. ‘मृत्यूलाही हसवणारा’ वगैरे लिहायची खुमखुमी आली तर ती ओळ शेवटच्या प्रूफात कापा.