सुरी महिन्याभरात बोथट होते आणि गंजते पण, महागातली नवीन घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीला राहायला आल्यापासून सुरी महिन्याभरात बोथट होते, पात्यावर तांबूस ठिपके पण येतात, तर आता महागातली घ्यावी का. आत्ताच घेऊ नका. मी मालवणला घरगुती खानावळ चालवते, रोज पाच-सहा किलो मासळी आणि वर भाजी, आणि हे सगळं ज्या दोन सुऱ्यांवर चालतं त्या बाजारातल्या साध्या स्टीलच्या आहेत. धार घरच्या घरी लावायला शिका, तेवढं पुरतं.

आधी ठिपक्यांचं सांगते. स्टेनलेस कधीच गंजत नाही असं आपण धरून चालतो पण तसं नाहीये. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, हवा लागून त्याचा एक अगदी पातळ थर पात्यावर बसतो आणि तोच आतल्या लोखंडाला सांभाळतो. मीठ नेमका तोच थर जागोजागी फोडतं. आपल्याकडे खारी हवा, मासळीचं पाणी, कैरी आणि रातांब्यांचा आंबटपणा, आणि एवढं होऊन सुरी रात्रभर सिंकमध्ये ओली पडलेली, मग ठिपके येणारच ना. कापून झालं की लगेच धुवायची आणि कोरड्या फडक्याने पुसायची. पावसाळ्यात वरून खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा. लोखंडी पातं कैरीने काळं पडतं तो गंज नाही, तो काळेपणा घासून काढत बसू नका, लाल दिसला तरच घासा.

आता धार. बऱ्याचदा धार गेलेली नसते, नुसती एका बाजूला वाकलेली असते. कॉफीच्या मगच्या बुडाला जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते ना, तिच्यावर पातं हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा ओढा, चार-आठ दिवसांचं काम भागतं. त्यानेही टोमॅटोची साल कापली न जाता दबायला लागली की मग दगड काढायचा. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुहेरी दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकत नाही, आणि दगडावर पाणी मारत राहा.

सगळं कसब कोनात आहे. पातं चार सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून एक ते सव्वा सेंटीमीटर वर धरा, म्हणजे साधारण पंधरा ते अठरा अंश होतात, आणि तोच कोन शेवटपर्यंत ठेवायचा. जमतंय का ते बघायला धारेवर मार्करने रेघ मारा, जिथली शाई पुसली जाते तिथेच दगड लागतोय. एकाच बाजूने घासत राहा आणि मधेमधे दुसऱ्या बाजूला पाठीकडून धारेकडे बोट हळूच आडवं फिरवून बघा (धारेच्या लांबीवर कधीच फिरवायचं नाही), तिथे केसासारखी बारीक खरखर हाताला लागली पाहिजे. ती मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली की बाजू बदला. बहुतेकांचं इथेच चुकतं, मोजून दहा वेळा घासतात आणि सोडून देतात. ही खरखर आली नाही म्हणजे धार झालीच नाही. शेवटी बारीक बाजूवर अगदी हलक्या हाताने एकदा इकडून एकदा तिकडून, मग जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढा, खरखर निघून जाते.

धार लावणाऱ्याकडे द्यायची असेल तर खुशाल द्या, त्याचा हात बसलेला असतो. फक्त विजेच्या चाकावर पाणी न मारता घासत असेल आणि कड निळसर झाली तर तिथलं पोलाद तापून मऊ पडलं असं समजा, मग ती धार टिकत नाही.

आणि कृपा करून ग्रॅनाईटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात कापू नका, लाकडी पाट घ्या. सुरमईचा मधला काटा तोडायला आणि नारळाला कोयताच. फणसाला पात्याला आणि हाताला आधी तेल, नाहीतर चीक बसला की सुरी पुढे जात नाही आणि आपण जोर लावत बसतो. माझ्या आईचं असंच झालं, बोथट सुरीने कुयरी म्हणजे कोवळा फणस चिरताना जोर लावला, सुरी घसरली, अंगठ्याला चार टाके पडले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दगड काढते, तो चुकत नाही.

विळी असेल तर तिला दगडाकडे न नेता दगडच पात्याकडे न्यायचा, पाट कुणालातरी दाबून धरायला सांगा आणि बोटं धारेच्या वर येऊ देऊ नका. खोबरं खवायचे दाते दगडाने होत नाहीत, त्यांना छोटी तिकोनी कानस लागते, प्रत्येक खाचेत दोन-तीन वेळा फिरवली की पुरे.