मधुमेह आणि तंबाखूची सवय असताना आयुर्विमा कोणत्या कंपनीचा घ्यावा?

आपले वय ४२, राहणे साताऱ्यात, मधुमेहाची गोळी चालू आणि तंबाखूची सवय जुनी; अशा वेळी टर्म विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा आयुर्विमा) कोणत्या कंपनीचा घ्यावा, असे आपण विचारले आहे. ‘तंबाखूचे लिहू नका, हप्ता वाढतो’ असे एजंट सांगतो, हेही आपण लिहिले आहे. कंपनीविषयी पुढे लिहितो. पण एजंटाचे हेच वाक्य मी २०१५ च्या जूनमध्ये सांगलीला आमच्या घरात ऐकलेले आहे, म्हणून आधी ते सांगतो.

माझा थोरला भाऊ मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होता आणि वीस वर्षांपासून चुना-तंबाखू खात होता. आमच्या मावशीचे यजमान विमा एजंट, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. अर्ज इंग्रजीत होता आणि माझे अक्षर चांगले म्हणून पेन माझ्या हाती दिले गेले. ‘तंबाखूचे कोणत्याही स्वरूपात सेवन करता का’ या प्रश्नापुढे काकांनी ‘नाही’ लिहायला सांगितले आणि मी ते लिहिले. दादाने मराठीत सही केली. अशी सही असली की अर्जातील मजकूर विमेदाराला समजावून सांगितल्याचे दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यावे लागते. त्याखालची सहीसुद्धा माझीच आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरात दादाला हृदयविकाराचा झटका आला. मिरजेच्या रुग्णालयात डॉक्टरांनी सवयी विचारल्या तेव्हा वहिनींनी, माणूस वाचावा एवढ्याच आशेने, खरे ते सांगितले आणि ते केसपेपरवर उतरले. दादा दुसऱ्या दिवशी गेला. पंधरा लाखांच्या दाव्याची चौकशी झाली, केसपेपर आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले गेले आणि वहिनींना फक्त भरलेले हप्ते परत मिळाले. आम्ही पुण्याला विमा लोकपालांकडेही गेलो. तिथे वकील लागत नाही आणि शुल्कही नसते. सुनावणीत अर्ज माझ्यापुढे ठेवून हे हस्ताक्षर कुणाचे, असे विचारण्यात आले. निकाल आमच्या विरुद्ध गेला.

कंपनीने बुडवले, तंबाखूचा आणि हृदयाचा काय संबंध, असे काका आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात. हे मला मुळीच मान्य नाही. तंबाखूने हृदयावर ताण येतो हे तर आहेच, पण मृत्यू त्याच कारणाने झाला पाहिजे अशी अटही नसते. विमा देताना जी जोखीम मोजली जाते तिच्याशी थेट संबंध असलेली गोष्ट लपवली, एवढे पुरेसे होते. कंपनीने स्पष्ट विचारले होते आणि आम्ही खोटे लिहिले होते.

आता कंपनीविषयी. दावे मंजूर करण्याच्या टक्केवारीवरून कंपनी निवडू नका, कारण त्या आकड्यात वर्षानुवर्षे चाललेल्या जुन्या पॉलिसींचे सरळ दावे मोठ्या संख्येने असतात आणि पहिल्या तीन वर्षांतल्या, म्हणजे कंपनी आक्षेप घेऊ शकते त्या काळातल्या, दाव्यांचे काय झाले हे त्यातून दिसत नाही. मधुमेहाकडे पाहण्याची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते. एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, तोच अहवाल पाहून एखादी वाढीव हप्त्यावर विमा देते, एखादी निर्णय काही महिने पुढे ढकलते, एखादी नाकारते. व्यक्तिगत एजंट एकाच आयुर्विमा कंपनीचे काम करतो, म्हणून अनेक कंपन्यांचे काम करणाऱ्या परवानाधारक ब्रोकरकडे ताजे अहवाल द्या आणि अर्ज करण्यापूर्वीच कंपन्यांचे प्राथमिक मत मागवा, कारण पूर्वी कुणी विमा नाकारला होता का, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक अर्जात असतो. फोनवरच्या प्रश्नोत्तरांवर भागवणाऱ्या कंपनीपेक्षा रक्त-लघवीची प्रत्यक्ष तपासणी करणारी कंपनी मी निवडीन. तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात कोटिनिन तयार होते; लघवीतील या कोटिनिनवरून तंबाखू कळते, आणि त्यात मशेरीही आलीच. आपल्या भागातल्या बायका तिला तंबाखू समजत नाहीत, पण ती तंबाखूच आहे. साधारण बारा महिने पूर्ण बंद असल्याखेरीज आपल्याला बिनतंबाखूचा दर मिळणार नाही. हप्ता जास्त बसेल, तो भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेवढा भार तरी हलका झाला.

पॉलिसी आली की सोबत जोडलेली अर्जाची प्रत त्याच दिवशी वाचा. चुकीचा ‘नाही’ सापडला तर कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी पटली नाही तर परत करायला ३० दिवस असतात.

मी शिक्षक आहे, विम्याच्या धंद्यातला नाही, तेव्हा माझे मत घरच्या अनुभवातून बनलेले आहे हे लक्षात घ्यावे. आणखी एक सांगितले पाहिजे. आणखी आठ महिने निघाले असते तर पैसे मिळालेच असते, असे काका म्हणतात, आणि कायद्याने ते खरे आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली तर ही तीन वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजतात. पण या तीन वर्षांच्या भरवशावर आपला एजंट ‘नाही’ लिहायला सांगत असेल, तर दादा गेला तेव्हा ४४ वर्षांचा होता आणि त्याला मधुमेहही नव्हता, एवढे त्याला माझ्या वतीने सांगा.