लाइन गेली होती त्या रात्री ते बोलले होते

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी दुसरीत, नवरा बुटीबोरीला एका कंपनीत. पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते:

"मावशी, हे घरी येतात, कूलरमध्ये पाणी भरतात, जेवतात आणि मोबाइल घेऊन पडतात. काही विचारलं की 'हं', 'बघू', 'ठीक आहे', बस. रविवारी मित्रांसोबत तर्री पोहे खायला गेले की तिथे मात्र दोन-दोन तास गप्पा. एका रीलमध्ये सांगत होते की बाई दिवसाला २० हजार शब्द बोलते आणि पुरुष फक्त ७ हजार. पुरुष मुळातच असे असतात का? मागच्या मे महिन्यात एकदा रात्री लाइन गेली होती तेव्हा म्हणाले होते की कंपनीत माणसं कमी करून राह्यले, फ्लॅटचा हप्ता कसा जाईल, भीती वाटते. मी ताईला सांगितलं, जरा मन हलकं करायला. मारबतीला इतवारीत माहेरी गेलो तर जिजाजी सगळ्यांसमोर म्हणाले, 'हप्त्याचं टेन्शन घेऊन जाय गे मारबत!' सगळे हसले, हे पण हसले. असो. यांना बोलतं कसं करू ते सांगा."

अगं पोरी, त्या दोन ओळींनंतर तुला "असो" लिहवलं तरी कसं?

आधी ते रीलचं संपवते. २० हजार आणि ७ हजार हे आकडे खरे नाहीत. अमेरिकेत आणि मेक्सिकोत मिळून ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर रेकॉर्डर लावून दिवसभराचं बोलणं मोजलं होतं, २००७ साली ते छापून आलं, आणि मुली काय नि मुलं काय, दोघांचेही दिवसाचे शब्द सोळा हजाराच्या आसपासच निघाले. म्हणजे तुझ्या नवऱ्याकडे शब्द आहेत. पोह्याच्या गाडीवर ते खर्च होतात हे तर तूच लिहिलंयस. ते घरी काऊन येत नाहीत, तेवढं बघायचं.

आणि ते आले होते ना एकदा. मे महिना, नागपूरचा उकाडा, कूलर बंद, मिट्ट काळोख, पोरगी झोपलेली. अंधारात एकमेकांचं तोंड दिसत नाही म्हणूनच बोलता आलं असेल त्यांना. "भीती वाटते" हे शब्द नऊ वर्षांत किती वेळा ऐकलेस तू त्यांच्या तोंडून? मला वाटतं तेवढ्या एकाच रात्री. ज्या बाईचा नवरा असं बोलतो तिचा नवरा मुका नाही, आणि त्यांनी ते फक्त तुला सांगितलं होतं.

मारबत तुला मी काय सांगणार, इतवारीची लेक तू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे ते मोठे पुतळे, निघतात, रोगराई घेऊन जा म्हणून लोक ओरडतात, महागाईचे नि पुढाऱ्यांचे बडगे, म्हणजे थट्टेचे पुतळे, फिरवतात आणि शेवटी सगळं जाळून टाकतात. गावाचं दुखणं गावभर फिरवायचा दिवस आहे तो. तुझ्या नवऱ्याचं दुखणं गावाचं नव्हतं गं, तुमच्या खोलीतलं होतं, आणि त्याचा बडगा झाला. तोही साडूच्या हातून, सासरच्या बैठकीत, जिथे कोणाचा फ्लॅट मोठा नि कोणाची गाडी नवी हे न बोलता मोजलं जात असतं. ते हसले म्हणतेस, पण तिथे दुसरं काय करणार होते? जावई माणूस, रडता येत नाही, भांडता येत नाही, ताटावरून उठता येत नाही. त्या हसण्याला तू होकार समजलीस.

बायका-पुरुषांच्या बोलण्यात काहीच फरक नसतो असं मी म्हणत नाही. डेबोरा टॅनन नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी हे बरंच अभ्यासलंय, की बायका बऱ्याचदा आपली अडचण सांगून जवळ येतात आणि पुरुषाला तीच अडचण सांगताना आपण खाली उतरलो असं वाटतं. तू ताईला सांगितलंस ते तुझ्या लेखी जवळीक होती, मला कळतं. पण अडचण तुझी असती तर ना! ती त्यांची होती, आणि तू ती न विचारता वाटून टाकलीस.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? एवढ्या मोठ्या पत्रात त्या नोकरीचं पुढे काय झालं हे कुठेच नाही. माणसं कमी केली का, यांचं नाव होतं का, हप्ता कसा जातोय. तुला माहीत तरी आहे का? नसेल तर वर्षभर तो माणूस एकटाच ते डोक्यात घेऊन बुटीबोरीला जातोय नि येतोय आणि घरी येऊन तुझ्यासाठी कूलरमध्ये पाणी भरतोय.

बोलतं करायच्या युक्त्या मी तुला देणार नाही. आज रात्री मुलगी झोपली की लाइट बंद कर आणि त्यांना एवढंच सांग: "लाइन गेली होती तेव्हा तुम्ही जे सांगितलं ते मी ताईला सांगितलं. मी सांगायला नको होतं. त्या दिवशी सगळे हसले तेव्हाही मी गप्प बसले. चुकलं माझं." याच्यापुढे "पण" लावायचा नाही. "पण मला टेन्शन आलं होतं", "पण जिजाजींचा स्वभावच तसा आहे", काही नाही. रडायचं पण नाही, नाहीतर त्यांना आधी तुलाच समजवावं लागेल. ते बहुतेक "हं" म्हणतील आणि कूस बदलतील. बदलू दे. दुसऱ्या दिवशी विचारायचं नाही की राग गेला का म्हणून.

आणि माफी मागितली हे ताईला सांगू नकोस.