सहा कप्प्यांच्या शोकेसमध्ये गेको (पालीच्या कुळातले प्राणी) ठेवायचे आहेत. सगळे कप्पे एकाच थर्मोस्टॅटवर (ठरावीक तापमान राखणारं उपकरण) गरम ठेवता येतील का? हीट मॅट (खालून ऊब देणारी चटई) लावू की वरून बल्ब?

तुम्ही दिलेल्या मापांवरूनच लिहितो: तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन कप्पे, एका कप्प्याची लांबी 60, खोली 45 आणि उंची 40 सेंमी. फळ्या 18 मिमी प्लायवूडच्या, पुढे सरकती काच. पाच कप्प्यांत एकेक लेपर्ड गेको, सहाव्यात क्रेस्टेड गेको.

एका थर्मोस्टॅटवर सहा कप्पे नीट चालणार नाहीत. मजल्यागणिक एक, असे तीन घ्या. थर्मोस्टॅटला फक्त सेन्सर जिथे टेकलाय तिथलं तापमान कळतं, बाकीचे कप्पे तो आंधळेपणाने चालवतो. गरम हवा वर चढते, त्यामुळे वरचा मजला तळच्यापेक्षा 2 ते 4 अंशांनी गरम राहू शकतो. सेन्सर तळाशी लावला तर वरचे प्राणी जास्त तापतात, वर लावला तर खालचे गारठतात. एकाच मजल्यावरचे दोन कप्पे मात्र एका थर्मोस्टॅटवर चालतात. अट एवढीच की दोन्हींत तापवणारी पट्टी त्याच वॅटची, त्याच मापाची हवी आणि जमिनीचे थर सारखे हवेत. सेन्सर त्यातल्या जरा जास्त तापणाऱ्या कप्प्यात लावा. दुसरा अर्धा-एक अंश कमी राहील, ते चालतं.

क्रेस्टेड गेको या शोकेसमधून बाहेर काढा. त्याला 22 ते 26 अंश पुरतात, 28 च्या वर त्याला त्रास होतो, आणि तो झाडावर राहणारा असल्याने 40 सेंमी उंची त्याला अपुरी आहे. लेपर्डला उबदार लपणीच्या (लपायच्या जागेच्या) जमिनीवर 31 ते 33 आणि दुसऱ्या टोकाला 24 ते 26 अंश हवेत. या दोन गरजा एका कपाटात बसत नाहीत. रिकामा सहावा कप्पा चाचणीसाठी आणि आजारी प्राण्यासाठी राखून ठेवा.

आता मॅट की बल्ब. वरून येणारी ऊब चांगली असते, पण या उंचीत मी बल्ब लावणार नाही. होल्डर आणि जाळी मिळून 12-15 सेंमी जागा खातात, आणि लपणीच्या छपरावर चढलेला गेको बल्बच्या फार जवळ येतो. शिवाय खालच्या कप्प्यातला बल्ब वरच्या कप्प्याची जमीन तापवतो, तीसुद्धा तुमचा ताबा नसलेल्या जागी. कप्पे 50-60 सेंमी उंच असते तर मी कमी वॅटचा हॅलोजन आणि प्रत्येक बल्बला स्वतंत्र डिमिंग (वीज कमी-जास्त करणारा) थर्मोस्टॅट सुचवला असता. इथे जमिनीतून ऊब देणारी हीट टेप (विजेवर तापणारी पातळ पट्टी) किंवा हीट मॅट योग्य.

ती प्लायवूडच्या खालून मात्र लावू नका. 18 मिमी लाकडातून उष्णता जेमतेम वर येते, उरलेली पट्टी आणि लाकडाच्या मध्ये कोंडते. वर गेको गारठलेला आणि खाली फळी काळी पडतेय, असा प्रकार होतो, आणि आगीचा धोकाही तिथेच असतो. थर असे करा: प्लायवूडवर 10 मिमी जाडीचा टणक फोम, त्यावर हीट टेप, कडेने 3 ते 5 मिमी जाडीच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर टेकलेली 5 मिमी काच किंवा पातळ फरशी. काचेचा भार टेपवर येता कामा नये. टेप दाबली गेली तर त्या जागी जास्त तापते, आणि काचही तडकू शकते. कडा मत्स्यपेटीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनने बंद करा, नाहीतर सांडलेलं पाणी आणि मूत्र खाली उतरतं. सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण गेल्याशिवाय प्राणी आत सोडू नका. वायर बाहेर काढायचं भोकही सील करा, नाहीतर खायला सोडलेले रातकिडे तिथूनच पळतात.

पट्टी जमिनीच्या एक तृतीयांश भागाखालीच हवी. तुमच्या कप्प्यात 20 सेंमी रुंद, 40 सेंमी लांब आणि साधारण 15 वॅट. मोठी लावली तर थंड टोकच उरत नाही. शेजारच्या दोन कप्प्यांच्या गरम बाजू मधल्या भिंतीला लागून समोरासमोर ठेवा. त्या एकमेकींना ऊब देतात आणि थंड टोकं बाहेरच्या कडांना जातात. दोन्ही पट्ट्या डावीकडे लावल्या तर उजव्या कप्प्याची गरम बाजू डाव्या कप्प्याच्या थंड टोकाला चिकटते, आणि मग तिथलं तापमान 28 च्या खाली का येत नाही हे शोधत बसावं लागतं. मधली भिंत काचेची असेल तर तिला अपारदर्शक कागद लावा. दोन नर दिवसभर एकमेकांना पाहत राहिले तर दोघंही ताणाखाली राहतात.

वायरिंग समांतर जोडणीत करा. दोन सारख्या पट्ट्या एकामागे एक जोडल्या तर प्रत्येकीला निम्मा व्होल्टेज मिळतो आणि ऊब सुमारे पाव होते. "पट्टी खराब निघाली" या तक्रारींमागे कधी कधी हेच कारण असतं. कापून घेतलेल्या हीट टेपची टोकं उघडी असतात, ती योग्य उष्णतारोधक इन्सुलेशनने झाका. ॲल्युमिनियमची चिकटपट्टी वीजवाहक असते, ती या टोकांना अजिबात लागू देऊ नका. टेप कापून जोडायचा सराव नसेल तर तयार वायर असलेली मॅटच घ्या. संपूर्ण कपाट 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवं. वायर सॉकेटपर्यंत नेण्याआधी खाली झोका देऊन न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

सगळ्यात जास्त काळजी सेन्सरची घ्या. तो आत मोकळा टाकला तर गेको तो ढकलतो किंवा त्यावर शी करतो. बाजूला सरकलेला सेन्सर 24 अंशांची हवा मोजतो आणि थर्मोस्टॅट पट्टी पूर्ण जोरात चालू ठेवतो. अशाने प्राण्याचं पोट भाजतं. म्हणून सेन्सर टेपच्या मध्यावर, काचेखाली, उष्णता सहन करणाऱ्या चिकटपट्टीने पक्का बसवा. दुसरा धोका रिलेचा, म्हणजे थर्मोस्टॅटमधल्या वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचा: साध्या चालू-बंद थर्मोस्टॅटचे संपर्क कधीतरी चिकटून कायमचे चालू राहतात. त्यासाठी प्रत्येक मजल्याला दुसरा, साधा थर्मोस्टॅट सुरक्षेसाठी ठेवा. भिंतीकडून आधी तो, मग मुख्य. त्याचा सेन्सर पहिल्याच्या शेजारी चिकटवा आणि त्यावर 3-4 अंश जास्त लावा.

काचेखालचा सेन्सर नेहमी आतल्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. त्यावर 32 लावलं की आत 28-29 च मिळतात, आणि गेको खाणं टाकतो किंवा न पचलेलं ओकतो. म्हणून आकडा आतून ठरवा. 32 पासून सुरुवात करा, तीन तास थांबा, लपणीतल्या जमिनीचं तापमान मोजा, मग एकेक अंश वाढवा. सेन्सरवर 36 दिसत असताना आत 32 असेल तर ते बरोबर आहे. सुरक्षेच्या थर्मोस्टॅटवर मग 39-40 येईल. इन्फ्रारेड थर्मामीटर काचेतून आतलं मोजत नाही, काचेचंच मोजतो, त्यामुळे दार उघडून मोजा. चकचकीत फरशीवरही तो फसतो. तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा.

गरम भागावर माती-वाळूचा जाड थर नको. जाड थराखाली उष्णता अडकते, वर थंडच लागतं, मग गेको खणत थेट तापलेल्या काचेपर्यंत जातो. तिथे नुसती फरशी किंवा जेमतेम 1 सेंमी थर पुरे. ओलसर लपणी पट्टीच्या कडेला ठेवा. बरोबर मध्यावर ठेवली तर तिच्यातलं ओलं शेवाळ एका दिवसात कोरडं पडतं.

प्राणी आत सोडण्याआधी सगळं किमान 48 तास चालवा आणि प्रत्येक कप्प्यात दोन थर्मामीटर ठेवा, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. त्यात पहाटेची आणि दुपारची नोंद हवीच. शोभेचे एलईडीही तेव्हा चालू ठेवा, आणि त्यांचा ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारा डबा) कपाटाबाहेर बसवा, कारण बंद फळीखाली तोही तापतो. रात्री 20-21 अंशांपर्यंत उतरलं तरी लेपर्डला चालतं. वरच्या मजल्याचं थंड टोक दुपारी 28 च्या वर जात असेल तर थर्मोस्टॅट कमी करून उपयोग नाही. मागच्या भिंतीत वर आणि खाली जाळीचे झरोके काढा आणि पुन्हा 48 तास मोजा.